खणाच्या दशा

गणपतीत घर जरा नीट दिसावं म्हणून सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी सहा अभ्रे शिवले. पाच पॉपलिनचे, एक खणाचा. सासूबाईंच्या काळ्या पायमशीनवर, सरळ टीप, तीन बाजू बंद आणि चौथ्या बाजूला उशी आत सरकवायला दुमड. आल्यागेल्यांनी "विकतचे का?" म्हणून विचारलं, त्यावर मी दहा दिवस खूश होते. अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, सगळे धुवायला टाकले. वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं तर सहाच्या सहा अभ्रे दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेले. जाळीत अंबाड्याएवढा दोऱ्यांचा गुंता. पॉपलिनचे पाच वाचले. खणाचा मात्र एका अंगाने टिपेपर्यंत सुटत गेला होता. टीप शाबूत होती, तिने धरून ठेवायला कापडच उरलं नव्हतं.

"काय दशा केलीस गं त्याची," आई म्हणाल्या. सासूबाईंना मी आईच म्हणते. कडेने सुटलेल्या दोऱ्यांनाही आपल्याकडे दशाच म्हणतात, त्यामुळे त्या नेमकं कशाबद्दल बोलल्या ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

पुढचे पाच महिने मी कापडाच्या कडा या एकाच विषयात अडकले होते. शिवणकामाच्या व्हिडिओत हा भाग "आता कडा फिनिश करून घ्या" एवढ्यात उरकतात. त्या वाक्यापाशी जे माझ्यासारखे अडतात त्यांच्यासाठी हे लिहितेय, तारखा आणि खर्चासकट.

अडून बसायला कारणही होतं. १६ फेब्रुवारीला मिरजेत माझ्या भावाचं लग्न होतं, आणि पाच वर्षांच्या लेकीला मी भर घरात शब्द देऊन बसले होते की तुझं खणाचं परकर-पोलकं मी शिवणार. कोल्हापुरात महाद्वार रोडवर तयार परकर-पोलकं अठराशेला लावलेलं होतं. अभ्र्याचं झालं ते परकराचं झालं असतं तर ते लग्नाच्या मांडवात झालं असतं.

खणच का सुटतो, हे आधी समजून घेतलं. विणलेलं कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एकमेकांवरची पकड. कात्री फिरली की कडेच्या धाग्याची एका बाजूची पकड जाते. सुती धागा खरबरीत असतो, तो शेजाऱ्याला धरून राहतो. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोळीला आणि देवीच्या ओटीला येत आलाय, पण हल्ली दुकानात मीटरवर मिळणारा बराचसा खण नकली रेशमाचा असतो. तो धागा चकचकीत आणि घसरडा, नखाने ओढला तरी बाहेर येतो. कापडाच्या मूळ काठाला हा त्रास नाही, कारण तिथे आडवा धागा वळून परत आत जातो. ही काठाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यानेच माझं निम्मं काम वाचलं.

आईंच्या काळ्या मशीनला फक्त सरळ टीप येते. म्हणून झिगझॅग करणारं विजेवरचं मशीन घ्यायचं ठरलं. खंडेनवमीला आईंनी काळ्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या संध्याकाळी, आम्ही तेरा हजार चारशेचं नवीन मशीन घरी आणलं. आईंनी त्यालाही फूल वाहिलं, पण जरा हात राखून.

इथून कागदपत्रांचा भाग. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अ‍ॅपवर वॉरंटीची नोंद करायला बसले तर नंबरच घेईना. मशीन आडवं करून तळाची पट्टी बघितली. बिलावर दुकानदाराने नंबरातला एक आकडा चुकीचा लिहिला होता. नोंद नाही तर घरी येऊन मशीन शिकवण्याची मोफत भेटही नाही. मंगळवारी १५ तारखेला ऑफिस सुटल्यावर दुकानात गेले, तर "मालक नाहीत, शिक्का त्यांच्याकडं असतोय." शुक्रवारी परत गेले. बिल बदललं, वॉरंटी कार्डावर शिक्का बसला, अ‍ॅपने नंबर घेतला आणि २६ ऑक्टोबरची तारीख दिली. मशीन घेणाऱ्यांनी दुकानातच, पैसे द्यायच्या आधी, मशीनचा तळ आणि बिल शेजारी धरून आकडे जुळवावेत. दोन फेऱ्या आणि सहा दिवस वाचतील.

२६ ला आलेले दादा चांगले होते, पण घाईत होते. वीस मिनिटांत दोरा ओवणं, बॉबिन भरणं, सरळ टीप, झिगझॅग, पिको. "साडीला फॉल-पिको करायचं आसंल ना मॅडम?" मी म्हटलं, नाही, कापडाच्या कडा. "मग झिगझॅग मारा की." बस्स. पुस्तिकेत मात्र कडांसाठी एक वेगळं फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा तुकडा, दाखवलं होतं, ज्याच्या मध्ये एक बारीक तार असते. ते खोक्यात नव्हतंच. कस्टमर केअरला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. दसऱ्याच्या दिवशी आपण झेंडूची फुलं शोधतो की व्हिडिओ काढतो? मग खोक्यावरच्या लेबलचा फोटो, बिलाचा फोटो, पुस्तिकेतल्या यादीचा फोटो. मध्ये दिवाळी आली. चार फोन आणि चोवीस दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, कुरिअरने आगपेटीएवढ्या डबीत ते फूट आलं. नंतर कळलं की बाजारात तेच दीडशे रुपयांना मिळत होतं. विकत घेणार असाल तर आपलं मशीन खटका दाबून बसणाऱ्या फुटाचं आहे की स्क्रूच्या फुटाचं, ते बघून जा. जुनं फूट पर्समध्ये टाकून नेलंत तर सगळ्यात बरं.

ते येईपर्यंत साध्या फुटावरच झिगझॅग सुरू केलं होतं. चिंध्यांवर. घरातल्या जुन्या मलमलच्या ओढणीच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि पहिल्याच पट्टीची कड गोळा होऊन नळी झाली. दोरा कडेला दोन्हीकडून आवळत होता आणि मऊ मलमल बिचारी आत गुंडाळली जात होती. टेन्शनचं, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचं, बटण चारवरून अडीचवर आणलं, झिगझॅगची रुंदी पाचवरून तीनवर, सुई चौदा नंबरची काढून अकराची घातली, तेव्हा कड सपाट राहिली. खणाला याच्या उलट. तो जाड आणि आडदांड, त्याला पाच रुंदी, दोन लांबी आणि चौदाचीच सुई. प्रत्येक कापडाचा आकडा वेगळा. मी एका चिंधीवर वेगवेगळे आकडे शिवून, शेजारी पेनाने लिहून, ती चिंधी मशीनच्या कव्हरला टाचून ठेवलीय.

झिगझॅग नुसतं कडेजवळ मारून उपयोग नसतो, हे कळायला मला दोन रविवार लागले. मी कडेपासून दोन सूत आत मारत होते, म्हणजे पाव इंच, आणि त्या पाव इंचाच्या झाल्या झिपऱ्या. सुई उजवीकडे पडते तेव्हा ती कापडात नाही, कडेच्या बाहेर हवेत पडली पाहिजे. डावीकडे पडते तेव्हा कापडात. मग दोरा कडेला लपेटून येतो आणि शेवटचा धागा आतल्या धाग्यांना बांधला जातो. सुईकडे बघत बसलात तर हे जमत नाही. नजर फुटाच्या उजव्या अंगाला ठेवायची आणि कापडाची कड तिथून सरळ सरकते का ते बघायचं. सायकल शिकताना चाकाकडे बघितलं की पडतो, तसंच.

नवं फूट आल्यावर हे सोपं झालं. मधली तार दोऱ्याला कडेवर आडवं धरते, कड गोळा होत नाही. फक्त त्याला एक अट असते. माझ्या मशीनवर रुंदी पाचच ठेवायची. कमी केली किंवा सरळ टिपेवर आणलं की सुई थेट त्या तारेवर आपटते. पुस्तिकेत हे लिहिलंय. मी वाचलंही होतं. १ डिसेंबरच्या रविवारी झिगझॅग संपवून शेवटी दोन टाके सरळ मारावेत म्हणून बटण फिरवलं, फूट तेच, पायाने पेडल दाबलं. फाड्‌दिशी आवाज आला आणि सुईचं टोक माझ्या चष्म्याच्या काचेवर लागून कुठंतरी उडालं. काचेवर बारीक चरा आहे अजून. लेक शेजारी बसून बटणं मोजत होती, तिला उचलून आधी पलंगावर ठेवलं, मग लोहचुंबक घेऊन अर्धा तास फरशी हुडकली. दोन तुकडे सापडले, जुळवून बघितले, तेव्हा जीव खाली बसला. तेव्हापासून फूट किंवा टाका बदलला की हाताने चाक आपल्या बाजूला एक पूर्ण फेरा फिरवते, सुई कुठे अडत नाही ना ते बघते, आणि मगच पेडलवर पाय. लेकीला मशीनपासून एक हात लांब बसायचा नियम लागू झाला.

त्याच आठवड्यात धीर सुटला. म्हटलं, टेलरकडून इंटरलॉकच करून आणावं, सगळं जग तेच करतं. (आपण ज्याला इंटरलॉक म्हणतो ते खरं ओव्हरलॉक. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये मेरो कंपनीने १८८१ साली हे मशीन काढलं. इंटरलॉक हे होजिअरीच्या एका कापडाचं नाव आहे. पण टेलरसमोर ओव्हरलॉक म्हणून बघा, "म्हंजे इंटरलॉकच की ओ" असं उत्तर येतं.) खणाचा धोका नको म्हणून आधी माझ्या एका सुती कुर्त्याचे कापलेले भाग दिले. ८ डिसेंबर, एका कुर्त्याचे चाळीस रुपये, "ठेवून जावा, सांजच्याला या." मी तिथेच थांबले. तीन कोनांवरून तीन दोरे खाली येतात, सुईशेजारी एक छोटं पातं वरखाली होतं, आणि कापड आत जातानाच त्याची कड छाटली जाऊन दोऱ्यात गुंफली जाते. चार मिनिटांत चारही भाग झाले, एकही दशी नाही. मशीनच्या खाली कापडाच्या शेवयांचा ढीग.

घरी येऊन कुर्ता शिवला आणि तो छातीत बसेना. त्या शेवयांमध्ये माझं माप गेलं होतं. पातं प्रत्येक कडेचे दोन सूत खातं. पुढच्या भागाच्या दोन कडा, मागच्या दोन, चार गुणिले दोन सूत म्हणजे आठ सूत, म्हणजे अख्खा एक इंच. चूक टेलरची नाही, मी मायाच (शिवणीच्या बाहेर सोडतो ते जास्तीचं कापड) अर्धा इंच ठेवली होती. तुम्ही कापलेले भाग इंटरलॉकला देणार असाल तर माया पाऊण इंच ठेवा, किंवा आधी शिवून मग शिवणीची माया इंटरलॉक करायला द्या, आणि "कापू नका, नुसतं कडेनं घ्या" हे तोंडाने सांगा. ते सांगितलं की करतात. सांगितलं नाही तर पातं त्याचं काम करतं.

तो कुर्ता बघून आई काही बोलल्या नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवरून एक वही काढून आणली. १९७९ साली त्यांनी मिरजेत शिवणक्लास केला होता, त्याची नमुन्यांची वही. तपकिरी कव्हर, आखीव पानं, प्रत्येक पानावर मांजरपाटाचा वितीएवढा तुकडा टाचलेला. पांढऱ्या मांजरपाटावर लाल दोरा, परीक्षकाला टाका नीट दिसावा म्हणून. टाचण्या गंजून कापडात गेल्या होत्या आणि प्रत्येकीभोवती तांबूस डाग धरला होता. खाली निळ्या शाईत, अक्षर अगदी शाळकरी: साधी शिवण. चपटी शिवण. फ्रेंच शिवण. दुमड. मी फ्रेंच शिवणीचा तुकडा उलटा केला. पंचेचाळीस वर्षांचा तुकडा, आणि आत कड नाहीच. जिथे दशा असायला हव्यात तिथे गुळगुळीत बारीक नळी.

"आमच्या वेळी कुठलं आलंय इंटरलॉक," आई म्हणाल्या. "कड बांधायची नाही, लपवायची. आणि कापायच्या आधी ठरवायची. तू कापतेस आणि मग विचारतेस, आता काय करू."

फ्रेंच शिवण त्यांनी मला काळ्या मशीनवरच शिकवली. नेहमी आपण कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवतो, इथे आधी उलट बाजू समोरासमोर. म्हणजे पहिली टीप चक्क चांगल्या बाजूवर दिसते, आणि पहिल्यांदा करताना हात थबकतो. कडेपासून दोन सूत आत टीप मारायची, मग ती माया कापून एका सुतावर आणायची. हे कापणं टाळलं तर नंतर शिवणीतून मिशा डोकावतात. मी टाळलं, डोकावल्या. मग कापड उलटवून, शिवण बोटांनी काढून इस्त्री फिरवायची आणि आता सुलट बाजू समोरासमोर घेऊन परत दोन सुतावर टीप. कच्ची कड आत बंद. मलमल, व्हॉइल, जुनी सुती साडी यांना यापेक्षा देखणं काही नाही, आणि त्याला झिगझॅग मशीनही लागत नाही. जाड कापडाला मात्र ती दोरीसारखी फुगते. तिथे चपटी शिवण, जीन्सच्या पायावर असते ती. एक माया अर्धी कापायची, दुसरी तिच्यावर दुमडून पांघरायची आणि वरून टीप.

आता माझ्यापुढे निवडच निवड झाली. म्हणून १५ डिसेंबरला खणाच्या उरलेल्या तुकड्याचे सहा चौकोन कापले. एक कच्चा ठेवला. एक तीनशेऐंशी रुपयांच्या नव्या दातेरी कात्रीने कापला. एकाला कडेपासून दोन सुतांवर नुसती सरळ टीप, एकाला झिगझॅग, एक टेलरकडून इंटरलॉक (पाच रुपये, आणि "एवढंसंच व्हय?"), एकाच्या मधून फ्रेंच शिवण. सगळे वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत घालून आठवड्यात तीनदा मशीनमध्ये धुतले. कच्च्याची झालर झाली, बोटाच्या पेराएवढी. दातेरी कात्रीने कापलेला पहिल्या धुण्यात टिकला, तिसऱ्यात दाते दिसेनासे झाले. तिरक्या दात्यांमुळे सुटणारा धागा लांब निघत नाही, पण एवढा घसरडा धागा तुकड्या-तुकड्यांनी का होईना निघतोच. ही कात्री पॉपलिनला आणि आत अस्तराखाली झाकल्या जाणाऱ्या कडांना ठीक, एरवी पैसे वाचवा. सरळ टिपेवाला टिपेपर्यंत सुटला आणि तिथे थांबला, म्हणजे घाईत तेवढंही चालतं. झिगझॅगच्या चौकोनाला तीन-चार मिशा आल्या. इंटरलॉक आणि फ्रेंच जसेच्या तसे, फक्त खणावरची फ्रेंच शिवण पेन्सिलीएवढी जाड.

खण ५ जानेवारीला आणला. तीन मीटर, एकशेनव्वद रुपये मीटर, पन्हा छत्तीस इंच, हिरवा, जांभळ्या काठाचा. घरी आल्यावर धुण्याआधी दोन्ही कापलेल्या टोकांना झिगझॅग मारून घेतलं. नवीन कापड धुवायचं तर एवढं जरूर करा, नाहीतर अर्ध्या वीतेची झालर निघते आणि ती तुमच्या मीटरातूनच निघते.

आणि मग आईंनी जमिनीवर खण अंथरला. परकराची उंची चोवीस इंच, खाली मोठी दुमड आणि वाढीला टक धरून अठ्ठावीस. अठ्ठावीस इंचांचे तीन तुकडे आडवे कापायचे, आणि ते एकमेकांना काठाशी काठ लावून जोडायचे. म्हणजे परकराच्या उभ्या शिवणी सगळ्या मूळ काठावर. तिथे कड सुटणारच नाही, तिला बांधायचीही गरज नाही. वरची कड नेफ्यात गेली, खालची दुमडीच्या आत. मी इतके महिने ज्या प्रश्नावर झुरत होते तो परकरापुरता त्यांनी खडूच्या तीन रेघांत संपवला. एवढंच बघायचं की काठ कधीकधी कापडापेक्षा घट्ट विणलेला असतो आणि धुतल्यावर शिवण चुणते. तसा असेल तर काठाला थोड्या-थोड्या अंतरावर कात्रीने बारीक छेद द्यायचे. आमचा सरळ होता.

पोलकं उरलं. तिथे काठ पुरत नाही. बाजूच्या शिवणी फ्रेंच कराव्यात असं माझ्या मनात होतं, तर आई म्हणाल्या, "पोरगी वाढणार आहे. ती बंद शिवण उद्या उसवून सैल कशी करणार?" खरंच होतं. माया कापून एका सुतावर आणली की पुढे वाढवायला काही राहत नाही. म्हणून बाजूंना एक-एक इंच माया, दोन्ही कडा आधी वेगवेगळ्या झिगझॅग, मग साधी शिवण आणि इस्त्रीने माया दोन्हीकडे उघडून बसवली. खणावर इस्त्री मध्यम, वरून सुती रुमाल. कापल्यानंतर हे भाग हाताळतानाच सुटायला लागतात, म्हणून कापल्या दिवशीच कडा उरकून घ्या, गळ्याचे आणि मुंढ्याचे, म्हणजे बाही जोडतो तिथले, गोलसुद्धा. गोलावर झिगझॅग करताना कापड ओढू नका. मी एक मुंढा ओढला, तो लाटेसारखा झाला, परत कापावा लागला. तीन मीटरात एवढं गेलेलं परवडलं.

८ फेब्रुवारीला पोलकं घालून बघितलं. लेकीने हात वर केले, खाली केले आणि म्हणाली, "टोचतंय." बाहीच्या जोडावर खणाची कड, झिगझॅगचा पॉलिस्टर दोरा, आणि दोन्ही नेमकं काखेत. मी बोट फिरवलं तर मलाही टोचलं. त्या रात्री सीम रिपर घेऊन दोन्ही बाह्यांच्या मायेचं झिगझॅग उसवलं. अस्तराच्या उरलेल्या सुती कापडातून सव्वा इंचाच्या क्रॉस पट्ट्या कापल्या, म्हणजे कापड त्रिकोणी दुमडून त्या तिरक्या घडीला समांतर. सरळ कापलेली पट्टी गोलावर बसत नाही, तिरकी वळते. ती मायेच्या एका अंगाला शिवली, कडेवरून पलीकडे नेली, आत दुमडून हाताने हेमिंग केलं. दोन बाह्यांना तीन तास, रात्रीचे पावणेदोन. मुलांचे कपडे शिवणाऱ्यांनी काख आणि गळा पहिल्यापासूनच सुती पट्टीत बांधावा, एवढं मी अनुभवाने सांगते.

मशीन सोडून हिशेब केला तर खण पाचशेसत्तर, अस्तर एकशेवीस, सुया-दोरे नव्वद, हुक आणि नाडी तीस. दातेरी कात्री आणि चष्म्याची काच मी यात धरत नाही.

लग्नात लेक परकर दोन्ही हातांनी धरून मांडवभर फिरली, वरातीत नाचली आणि जेवणात परकरावर मठ्ठा सांडला. २० तारखेला जाळीच्या पिशवीत घालून धुतलं, सावलीत वाळवलं. संध्याकाळी आईंनी दोरीवरून काढलं आणि घडी घालायच्या आधी सगळंच्या सगळं उलटं केलं. खिडकीपाशी जाऊन, चष्मा कपाळावर सरकवून, एकेका शिवणीवरून अंगठा फिरवत गेल्या. बाजू झाल्या, बाह्या झाल्या, दुमड झाली. नेफ्यापाशी थांबल्या. नाडी बाहेर काढायला मी जी चीर ठेवली होती, तिची कड बांधायची राहिली होती. तिथून बोटभर जांभळी दशी लोंबत होती.

मी हात पुढे केला.

"ओढू नकोस," आई म्हणाल्या. "काप." काळ्या मशीनच्या खणातून छोटी कात्री काढून त्यांनीच कापली. मग स्टूल ओढलं, चाकाला हात लावला, वादी नीट बसलीय का बघितलं आणि चीर दाबाखाली घेतली.